मामांनी लेन्स उघडली

फिल्म शिकवणाऱ्या त्या शाळेत तळमजल्यावर, जिन्याखाली, एक अर्धं दार होतं. खालची अर्धी फळी कायम बंद, वरची उघडी, आणि मधे कोपर टेकायला हातभर लाकूड. लाकडाच्या आत मामा, बाहेर विद्यार्थी. कॅमेरे, लेन्स, दिवे, ट्रायपॉड, माइक, सगळं त्या दारातूनच बाहेर जायचं आणि त्या दारातूनच परत यायचं.

मामा नक्की कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाविसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या बदलीवर शिपाई म्हणून आले, ते तीन महिने एकोणतीस वर्षं झाली तरी संपले नव्हते. शिपायाचे स्टोअरकीपर झाले, काळ्या केसांचे पांढरे झाले. मुलं त्यांना घाबरायची, आणि घाबरतात तिथं चेष्टाही करतातच. "मामा घरी दात घासायच्या ब्रशवरसुद्धा नंबर टाकत असतील," असं एकाने म्हटलं होतं. मामांनी ते ऐकलं होतं. खरं म्हणजे त्यांना ते आवडलं होतं.

पहिल्या वर्षाची मुलं यायची तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात एक महान सिनेमा तयार असायचा. मामा म्हणायचे, "पहिल्या महिन्यात सगळे कवी. दुसऱ्या महिन्यात केबल गुंडाळायला शिकतात, मग माणसात येतात."

"कोपरावर नको गुंडाळूस रे, ती दोरी नाही. आतल्या तारा पिळतात. एक वेढा सरळ, एक उलटा. हां. आता सोडून बघ, गाठ पडते का?"

"नाही पडली, मामा."

"मग आज तू काहीतरी शिकलास. जा, वरती जाऊन प्रकाशाबद्दल बोल."

वस्तू देताना त्यांची एक पद्धत होती. वस्तू लाकडावर ठेवायची, दोघांनी पाहायची. "पाहिलीस?" "पाहिली." "कर सही. सही झाली की दोष तुझा." या एका वाक्यावर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली.

दुसऱ्या वर्षात एक मुलगी होती. कमरेला सदा मोजायची टेप अडकवलेली, म्हणून तिचं नावच टेप पडलं. तिला फोकस सांभाळायचं काम हवं होतं. काम सांगायला सोपं: कॅमेऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि लेन्सवरची फोकसची रिंग त्या आकड्यावर आणून ठेवायची. माणूस पुढे सरकला की रिंगही तेवढीच सरकवायची. इंच-दोन इंच चुकलं तर चेहरा धूसर, आणि चेहरा धूसर तर बाकीच्यांची सगळी मेहनत पाण्यात. नुसती टेप पुरत नाही, डोळाही लागतो. शॉट चालू असताना चेहऱ्याला टेप कोण लावून देणार? म्हणून ही पोरगी डोळ्याला वळण लावत होती. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या दारासमोर उभी राहायची.

"मामा, तुमचं नाक. चार फूट दोन इंच."

मामा टेपचं टोक नाकाच्या शेंड्याला धरायचे. "चार फूट तीन."

"तुम्ही मान मागे घेतलीत."

"मी का घेईन?"

"चूक निघावी म्हणून."

"बाई, माझं नाक एकावन्न वर्षं जिथल्या तिथं आहे."

दोन महिन्यांत ती इतकी तयार झाली की मामांना टेप काढायचा कंटाळा येऊ लागला. दाराची कडी, पंख्याचं पातं, जिन्यावरून उतरणाऱ्या बाईची चप्पल, काहीही विचारा. दोन इंचांपलीकडे कधी गेली नाही. ही गोष्ट त्या सबंध इमारतीत मामांना जेवढी पक्की ठाऊक होती तेवढी दुसऱ्या कोणालाही नव्हती. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवलं पाहिजे.

आता मामांचं एक गुपित. त्यांच्याकडे घड्याळदुरुस्तीवाल्याकडचे असतात तसले बारीक स्क्रूड्रायव्हर होते, अकरा. कोणी दिले नव्हते, स्वतः एकेक करून जमवलेले. लेन्स उघडायची परवानगी शाळेत कोणालाच नव्हती. बिघडली की ती बाहेरच्या वर्कशॉपला जायची, तीन आठवड्यांनी यायची. पण वर्कशॉपचा माणूस यायचा तेव्हा मामा त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहायचे. आणि मग हळूच एखादा ट्रायपॉड, एखादा माइकचा दांडा, एखादी बारीकशी अडकलेली गोष्ट ते स्वतःच उघडायचे, साफ करायचे, बसवायचे. कोणाला सांगायचे नाहीत. फक्त कोणी म्हणालं, "मामा, हे एकदम छान चालायला लागलं," की म्हणायचे, "हात लागतो."

दुसऱ्या वर्षाच्या सरावाच्या फिल्मचं शूटिंग सोमवारी सुरू होणार होतं आणि शनिवारी पन्नासच्या लेन्सची रिंग करकरायला लागली. पन्नासची म्हणजे चेहऱ्यांची लेन्स, तिच्यावाचून क्लोजअप नाहीत. वर्कशॉपला पाठवली तर फिल्म तीन आठवडे पुढे. मामांनी कोणाला विचारलं नाही. टेबलावर पिवळं फडकं अंथरलं, लेन्सच्या मागचे चार स्क्रू काढले, कचरा पुसला, तेलाचं बोट फिरवलं, चार स्क्रू परत बसवले. रिंग लोण्यासारखी फिरू लागली. मामा स्वतःवर इतके खूश झाले की घरी जाताना फाटकापर्यंत शिट्टी वाजवत गेले.

सोमवारी सकाळी टेप आली आणि तिने रिंग फिरवून बघितली.

"मामा, काय केलंत? लोणी झालंय."

"हात लागतो."

"चार्ट लावून बघते एकदा."

चार्ट म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघांचा कागद. सहा फुटांवर लावायचा, लेन्स सहावर ठेवायची, रेघा स्वच्छ दिसल्या की लेन्स खरं बोलते आहे. मामांनीच मुलांना ही सवय लावली होती. पण त्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या हातच्या लेन्सला चार्ट? हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? कर सही, बाहेर तुझी मंडळी खोळंबलीत."

तिने सही केली.

चार दिवस शूटिंग झालं. पुढच्या सोमवारी सगळ्यांना मोठ्या पडद्यावर रशेस दाखवले, म्हणजे कापाकापी न केलेलं जसंच्या तसं चित्रण. दिवे मालवायचं काम मामांचंच, म्हणून ते मागे बटणांपाशी उभे होते. लांबून घेतलेले शॉट बरे होते. मग पहिला क्लोजअप आला. जेवणाच्या टेबलाशी बसलेली आई. चेहरा पाण्यात भिजलेल्या कागदासारखा. मागच्या भिंतीवरचा खिळा मात्र असा लख्ख, की त्यावरचा गंज मोजून घ्यावा.

दुसरा क्लोजअप तसाच. तिसराही.

"भिंतीने काम छान केलंय," अंधारातून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

फिल्मचा दिग्दर्शक, दाढी राखायचा प्रयत्न करणारा एक मुलगा, हसला नाही. "चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस मी तुला विचारत होतो ना गं? फोकस आहे ना, फोकस आहे ना?"

"कॅमेऱ्याच्या पडद्यावर नीट दिसत होतं," टेप म्हणाली.

"तो तळहाताएवढा पडदा," कॅमेऱ्याचे सर म्हणाले. "त्यात सगळेच देखणे दिसतात. मामा, दिवे लावा."

मामांनी दिवे लावले.

"टेपने मोजलं होतंस?"

"प्रत्येक शॉटला, सर."

"लांबच्या शॉटला फोकस आंधळाही लावतो. जवळचा एकही लागलेला नाही. लेन्स घेताना चार्ट लावला होतास?"

मामांचा हात अजून बटणावरच होता. टेपने मागे वळूनही बघितलं नाही.

"नाही लावला, सर."

"का?"

"राहिला."

राहिला, म्हणाली. मामांनी लावू दिला नाही, असं म्हणाली नाही. मोठ्या माणसाचं नाव चारचौघांत घेऊ नये, असं तिला घरी शिकवलं असावं.

सरांनी वही मिटली. डिप्लोमाच्या फिल्मसाठी कोण कुठलं काम करणार याची यादी शुक्रवारी लागणार होती. "तुला मी कॅमेऱ्यावर ठेवत नाही," ते म्हणाले, आणि वाईट म्हणजे प्रेमाने म्हणाले. "तू कंटिन्युइटी बघ. कोणी कुठल्या हातात पेला धरला होता ते लिहायचं. तुझं अक्षर चांगलं आहे."

मामा खाली आले. खिळा लख्ख, चेहरा धूसर, म्हणजे नजर नेमाने मागे पडते आहे. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या आत जरा जास्त बसली आहे. म्हणजे मधे काहीतरी असायला हवं होतं आणि ते नाही. एवढं त्यांना वर्कशॉपच्या माणसाच्या खांद्यावरून कळलेलं होतं. त्यांनी पिवळं फडकं काढलं, झटकलं. काही पडलं नाही. उन्हात धरलं. घडीत, तेलाला चिकटून, पितळेची एक चकती बसली होती. मध्ये भोक असलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.

त्या वेळी जिना चढून वर जायला मिनिट लागलं असतं. मामा मंगळवारपर्यंत बसून राहिले. आणि मंगळवारी त्यांनी काय केलं? दाराची वरची फळीही लावून घेतली, लेन्स उघडली, चकती जिथली तिथं ठेवली आणि चार स्क्रू आवळले. निदान पुढच्या पोरांचं तरी नुकसान नको, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

बुधवारी दुपारी टेप आली.

"मामा, पन्नासची जरा द्याल? इथेच बघते, बाहेर नेत नाही. चार्ट लावून बघायचंय. मला वाटतंय, कदाचित लेन्सच—"

तिने वाक्य तिथेच सोडलं. लेन्सला दोष देणं म्हणजे मामांना दोष देणं, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तोंडातून जे निघालं ते होतं, "घे ना."

तिने चार्ट लावला. सहा फूट मोजले, दोनदा मोजले. लेन्स सहावर ठेवली, कॅमेरा मोठ्या टीव्हीला जोडला. रेघ न् रेघ सुटी दिसत होती. आठ फुटांवर बघितलं, चारावर बघितलं. मामा लाकडावर कोपर टेकून बघत होते आणि प्रत्येक वेळी ते चित्र लख्ख उमटलं की नजर लाकडाकडे वळवत होते.

"लेन्स बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणजे मीच."

"होतं असं कधी कधी," मामा म्हणाले.

"हं."

"चहा घेतेस?"

"चालेल."

"साखर?"

"एक."

मामांनी तिला चहा दिला. तिने अर्धा प्यायला, मग कप फिरवत विचारलं, "मामा, एक विचारू? खरं सांगा. मी अंतर सांगायचे, आणि तुम्ही टेप धरायचात. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून तुम्ही थोडं इकडेतिकडे करायचात का?"

"नाही गं."

"केलं असेल तरी चालेल. म्हणजे मला राग नाही."

"नाही गं, पोरी."

"असू दे," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. तिने टेप कमरेवरून काढून पिशवीत टाकली आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

मामांची बायको एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या खिडकीवर बसायची. "आम्ही दोघंही खिडकीतली माणसं," असं ती गमतीने सांगायची. त्या रात्री घरी मामांनी भाजीत मीठ नाही तरी काही म्हटलं नाही, तेव्हा तिने ताट पुढे ढकललं.

"काय झालंय?"

मामांनी सांगितलं. सगळं नाही, चकतीपर्यंत. मग थोडं थांबून मंगळवारचंही.

"नोकरी जाईल का?"

"नाही. ओरडतील. कदाचित लेखी काहीतरी देतील."

"मग कसली भीती?"

"अगं, एकोणतीस वर्षं तिथे सगळे म्हणतात, मामांच्या हातून चूक होत नाही."

"अहो, चूक होत नाही ती फक्त माझ्या आईच्या हातून," ती म्हणाली. मग हसू आवरून: "त्या पोरीची काय चूक होती?"

"नव्हती."

"हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

तिने उठून मिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्या खिडकीवर दोघांच्या नळ्यांवरची चिठ्ठी बदलली तर मी दुसऱ्या दिवशी गपचूप नवी चिकटवून नाही बसत. तोवर कोणीतरी चुकीचं औषध घेतलेलं असतं."

शुक्रवारी सकाळी सर वर्गात यादी घेऊन आले, त्यांच्यामागून मामा आत गेले. दाराबाहेरच गाठायचं ठरवलं होतं, पण पाय उशिरा हलले.

"सर, यादी लावू नका. पन्नासची लेन्स मी उघडली होती. शूटिंगच्या आधी. एक चकती बाहेर राहिली. टेपची चूक नाही."

सर मामांकडे बघत राहिले, मग हसले. मामांना थप्पड बसल्यासारखं झालं, इतकं ते हसणं मायेचं होतं.

"मामा, मला कळतंय. पोरगी तुमची लाडकी आहे. पण दुसऱ्याचं ओझं असं अंगावर घेऊ नका."

"माझंच आहे, सर."

"अहो, लेन्स तिने परवाच तपासली, मला येऊन सांगितलं. ठणठणीत आहे. आणि तुम्ही लेन्स उघडणार? तुम्ही?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मामा ग्रेट आहेत यार." दोघा-तिघांनी मान डोलावली. आणि मामांना कळलं की चांगलं नाव म्हणजे काय चीज असते. आता खरं सांगितलं तरी ते खोटंच पाडणार.

"इथे उघडून दाखवतो," ते म्हणाले. "कॅमेरा लावा."

कॅमेरा लागला, मोठा पडदा लागला. दाढीवाला दिग्दर्शक भिंतीपुढे खुर्चीवर बसला. सरांनी टेपला मोजायला सांगितलं. तिने पिशवीतून टेप काढली, त्याच्या डोळ्यापर्यंत धरली. "सहा फूट." लेन्स सहावर. पडद्यावर त्याच्या दाढीचा केस न् केस दिसला, होते तेवढे सगळे.

"आता काढतो," मामा म्हणाले.

टेबलावर पांढरा कागद अंथरला. त्या शनिवारी जे हात शिट्टी वाजवल्यासारखे चालले होते ते आज चालेनात. पहिला स्क्रू दोनदा निसटला. तीसेक डोळे त्या बोटांकडे लागलेले. कोणी मदतीला आलं नाही आणि यावं असंही नव्हतं. चार स्क्रू निघाले. चिमट्याने मामांनी चकती उचलली, कागदावर ठेवली, आणि तिच्यावाचून लेन्स बंद करून कॅमेऱ्याला लावली.

"सहावरच आहे," टेप हळूच म्हणाली.

पडद्यावर दिग्दर्शकाचा चेहरा विरघळला. त्याच्या मागे, भिंतीवर, विजेचं बटण लख्ख उठून आलं.

एकजण हसायला लागला आणि मधेच थांबला.

"म्हणजे हिने सगळं बरोबर मोजलं होतं," खुर्चीवरून दिग्दर्शक म्हणाला. मग मान खाली घालून, "मी तिला काय काय बोललो."

सरांनी चकती बोटावर घेतली, उजेडात धरली. "ही बघा सगळ्यांनी. केसाएवढी जाडी. लेन्स एवढीच आत गेली." एकेक करून मुलं पुढे आली, बघून गेली. त्या वर्गाला लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधलं अंतर जितकं त्या सकाळी कळलं तितकं कुठल्याही तासाला कळलं नसेल. मामा बाजूला उभे होते, शिकवायला ठेवलेल्या सांगाड्यासारखे.

"पण मामा," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ही आतमध्ये होती ना आज? मग परत बसवली कधी?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मामांनी तेवढाच दिवस सांगण्यातून गाळला होता.

"मंगळवारी."

कोणाला काही वाटलं नाही. मंगळवार तर मंगळवार. फक्त टेपने मान वर केली.

"मी बुधवारी आले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मला साखर किती विचारलंत."

चिमटा मामांच्या हातातच होता. त्यांनी तो कागदावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. वर्गाला हळूहळू उमजत गेलं, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, आणि मग कोणी मामांकडे बघेना. ओरडले असते तर बरं झालं असतं. सर खाकरले, यादीवर काट मारली आणि टेपचं नाव कॅमेऱ्याखाली लिहिलं. "मी पण विचारायला हवं होतं," ते यादीकडे बघत म्हणाले. "धूसर शॉट सगळे एकाच लेन्सचे का, हे मीही विचारलं नाही. मामा, लेन्स वर्कशॉपला पाठवा. आणि पुढचं आपण ऑफिसमध्ये बोलू."

"हो, सर."

तास सुटला. मुलं बाहेर गेली. नेहमी मामांची चेष्टा करत जाणारी, आज भिंतीच्या कडेने गेली. मामा चकती कागदाच्या पुडीत बांधत होते. टेप गेली नव्हती. समोर उभी होती, वही छातीशी धरून.

"पोरी, मी—"

"माफी नको, मामा. आत्ता नको." तिचा आवाज साधा होता. "मला एक सांगा. याआधी काय काय उघडलंत?"

"म्हणजे?"

"कधीपासून उघडताय? कुठल्या कुठल्या वस्तू? माझ्याआधीही कोणीतरी असेल ना, ज्याला वाटलं असेल की मीच."

मामा बाकावर बसले. हा विचार त्यांनी केला नव्हता. अकरा स्क्रूड्रायव्हर, एवढी वर्षं, आणि हा विचार एकदाही नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो उंच मुलगा डोळ्यापुढे आला, ज्याचा प्रत्येक शॉट डावीकडे किंचित कलायचा. सर त्याला म्हणायचे, तुला क्षितिज दिसत नाही रे. त्याने कॅमेरा सोडला आणि नंतर शाळाही सोडली. त्या आठवड्यात मामांनी ट्रायपॉडचं डोकं उघडलं होतं. आधी की नंतर, ते आठवेना. आठवतंय असंही वाटेना आणि आठवत नाही असंही म्हणवेना.

"सगळं आठवणार नाही," ते म्हणाले.

"आठवेल तेवढं सांगा."

ती पलीकडच्या बाकावर बसली. मधे एक बाक मोकळा ठेवून. वहीचं कोरं पान उघडलं.

"ट्रायपॉड," मामा म्हणाले. "मोठा. त्याचं डोकं."

तिने लिहिलं. "पुढे."